डॉर्सेट: कथा तिथली, कॅमेरा भलतीकडे

१९७३ साली ब्रिटनमध्ये टीव्हीवर पावाची एक जाहिरात लागली. होविस हा तिथला पावाचा जुना ब्रँड. दगडी फरसबंदीचा खडा चढ, कडेला उतरत जाणारी जुनी घरं आणि पाव पोचवणारा एक पोरगा सायकल ढकलत वर चाललेला. मागे ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतला संथ तुकडा, तोही ब्रास बँडवर. दिग्दर्शक होता रिडली स्कॉट, पुढे ‘एलियन’ आणि ‘ग्लॅडिएटर’ काढणारा. जाहिरात इतकी गाजली की पन्नास वर्षांनंतरही लोक ती विसरलेले नाहीत. गंमत अशी की कितीतरी जण आजही शपथेवर सांगतील, तो चढ उत्तर इंग्लंडमधला आहे म्हणून. ब्रास बँड वाजला की तिकडे खाणकामगारांची गावंच डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात तो रस्ता म्हणजे शाफ्ट्सबरी गावातला गोल्ड हिल, इंग्लंडच्या दक्षिण टोकाला, डॉर्सेट काउंटीत. चढाच्या माथ्यावर आता एक भलामोठा नकली पावही बसवलाय, कुणाला शंका राहू नये म्हणून.

म्हणजे चित्र एका काउंटीचं, सूर दुसरीकडचा आणि बघणाऱ्याच्या डोक्यात तिसरंच गाव. खेड्यापाड्यातलं इंग्लंड दाखवणारे सिनेमे आणि मालिका बघताना असा घोळ नेहमी होतो. तो होतो कसा आणि त्यातून कुणाचं काय झाकलं जातं, हे समजून घ्यायला डॉर्सेटसारखी दुसरी जागा नाही.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं म्हटलं तरी चालेल. फक्त तिकडच्या माणसाचं काउंटीशी नातं कारभारापुरतं नसतं. बोली, चीज, अभिमान सगळं तिच्या नावानं चालतं. सीमा मात्र सरकार हलवत असतं. समुद्रकाठचं मोठं शहर बोर्नमथ १९७४ पर्यंत शेजारच्या हॅम्पशरमध्ये होतं, मग डॉर्सेटमध्ये आलं. बाकी डॉर्सेट म्हणजे खडूच्या टेकड्या, गाई-मेंढ्या, दगडी गावं आणि दक्षिणेला जीवाश्मांनी भरलेले कडे, ज्यांना २००१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अख्ख्या काउंटीत एकही मोटरवे नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पडद्यावरच्या डॉर्सेटचा पाया सिनेमाच्या आधीच घातला गेला होता. तो घातला थॉमस हार्डीनं. १८४० साली डॉर्चेस्टरजवळच्या एका खेड्यात गवंड्याच्या घरी जन्मलेला हा माणूस आधी वास्तुविशारदाच्या हाताखाली शिकला, मग कादंबरीकार झाला. १८७४ च्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मध्ये त्यानं आपल्या मुलखाला ‘वेसेक्स’ हे एका बुडालेल्या सॅक्सन राज्याचं नाव दिलं. पुढे त्यात नकाशाच उभा केला. डॉर्चेस्टरचं कॅस्टरब्रिज, वेमथचं बडमथ, शाफ्ट्सबरीचं शास्टन, ब्रिडपोर्टचं पोर्ट ब्रेडी. रस्ते खरे, अंतरं बहुतेक खरी, नावं तेवढी बनवलेली. वाचक पुस्तक हातात घेऊन ती ठिकाणं शोधत हिंडू लागले आणि हार्डीच्या हयातीतच हा मुलूख पर्यटकांचा झाला. महाराष्ट्रात इंग्रजी साहित्य घेऊन बीए-एमए केलेल्या कित्येकांना हा नकाशा परीक्षेपुरता का होईना, पाठ असतो.

आणि हार्डी सिनेमाच्या काळापर्यंत जगला. १९२१ च्या जुलैत ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’वर मूकपट काढायला एक कंपनी डॉर्चेस्टरला आली, तेव्हा ऐंशी ओलांडलेला हार्डी नटांना जाऊन भेटला. भेट झाली किंग्ज आर्म्स हॉटेलच्या बाहेर. हेच हॉटेल कादंबरीतही आहे. कथा जिथली, कॅमेराही तिथलाच आणि लेखक समोर उभा, असा योग पुढे फारसा आला नाही.

पुढची यादीच बघा. रोमन पोलान्स्कीचा ‘टेस’ (१९७९) हार्डीच्या कादंबरीवरचा सर्वांत देखणा सिनेमा मानला जातो. त्याला तीन ऑस्कर मिळाली, त्यातलं एक छायाचित्रणाचं. त्यातली गवताची कुरणं, दूध काढायच्या पहाटा, चिखलाचे रस्ते बघून कुणालाही वाटेल, अस्सल डॉर्सेट. सगळं शूटिंग फ्रान्समध्ये, मुख्यतः नॉर्मंडी आणि ब्रिटनीत झालं. कारण कलेचं नव्हतं. पोलान्स्की १९७८ मध्ये अमेरिकेतला खटला टाळून पळालेला होता आणि इंग्लंडमध्ये पाय ठेवला तर त्याला अमेरिकेच्या ताब्यात दिलं जाण्याची भीती होती. शेवटच्या प्रसंगासाठी स्टोनहेंजसुद्धा फ्रान्समध्ये खोटं उभारलं. फ्रेंच मातीला इंग्रजी ठरवून ऑस्कर मिळालं, असं म्हटलं तर थोडं कुजकट होईल, पण खोटं नाही.

‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ (२००५) ही टीव्हीफिल्म जर्सी बेटावर झाली. ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ (१९९४) डॉर्सेटबाहेरच्या एक्समूरच्या माळावर, कारण हार्डीच्या काळचा डॉर्सेटचा माळ मधल्या काळात नांगराखाली, लावलेल्या पाइनच्या जंगलाखाली आणि लष्कराकडे गेला. हार्डीचं कॅस्टरब्रिज म्हणजे डॉर्चेस्टर, पण १९७८ च्या बीबीसी मालिकेत ते कॉर्फ कासल या खेड्यात दाखवलं, कारण खरं डॉर्चेस्टर एव्हाना फार आधुनिक झालं होतं. मायकल विंटरबॉटमनं हार्डीच्या तीन कादंबऱ्यांवर सिनेमे काढले आणि तीनदाही डॉर्सेटला वळसा घातला. ‘ज्यूड’ (१९९६) मधलं विद्यापीठाचं गाव म्हणजे मुळात ऑक्सफर्ड, ते एडिंबरात दाखवलं. ‘द क्लेम’ (२०००) मध्ये कॅस्टरब्रिजचा महापौर उचलून कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत नेला, चित्रण कॅनडात. तिसऱ्याकडे शेवटी येतो. हार्डी सोडून बघितलं तरी तेच. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या चोरट्या व्यापाराची कथा ‘मूनफ्लीट’ फ्रिट्झ लांगनं १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात चित्रित केली. ‘फाइव्ह गो मॅड इन डॉर्सेट’ ही एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ या मुलांच्या पुस्तकांची टिंगल करणारी टीव्हीफिल्म १९८२ मध्ये चॅनल फोर या वाहिनीच्या अगदी पहिल्या रात्री दाखवली गेली, नावातच डॉर्सेट आहे, पण शूटिंग शेजारच्या डेव्हनमध्ये.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘स्वदेस’मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे आपल्या वाईजवळची मेणवली, नाना फडणवीसांच्या घाटासकट. ‘गंगाजल’मधला बिहारही वाईचाच. कृष्णेच्या काठावर किती वेळा गंगा वाहून गेली असेल, मोजदाद नाही.

हे होतं कशामुळे? पहिलं कारण पैसा, आणि पैशातही सर्वांत रटाळ भाग: हॉटेलची बिलं. ब्रिटनमधले बहुतेक तंत्रज्ञ लंडनच्या आसपास राहतात. मोठे स्टुडिओही तिकडेच. लंडनपासून तासाभराच्या टप्प्यात शूटिंग असेल तर माणसं रात्री घरी जातात. डॉर्चेस्टर रेल्वेनं पावणेतीन तासांच्या आसपास. म्हणजे शे-दीडशे माणसांना रोज रात्री झोपायला खोली आणि जेवण, शिवाय मेकअपच्या गाड्या, जनरेटर, कॅमेऱ्याचे ट्रक अरुंद गल्ल्यांतून आत न्यायचे. मोटरवे नाही ते इथे आडवं येतं. म्हणून डॉर्सेटचं म्हणून दाखवलेलं घर बऱ्याचदा लंडनच्या जवळचं असतं. डॉर्सेटला येतात ते समुद्राच्या कड्यांसाठी, कारण तेवढे दुसरीकडे मिळत नाहीत.

दुसरं, करसवलत. ब्रिटिश म्हणून प्रमाणपत्र मिळालेल्या सिनेमाला किंवा महागड्या मालिकेला सरकारकडून खर्चाचा चांगला वाटा परत मिळतो. त्यासाठी परीक्षाच असते, ३५ गुणांची, पास व्हायला १८. कथा ब्रिटनमध्ये (किंवा युरोपच्या ठरावीक देशांत) घडत असेल तर जास्तीत जास्त ४ गुण, पात्रं तिथली असतील तर आणखी, भाषेचे वेगळे, काम करणाऱ्या माणसांचे वेगळे. यात काउंटीला काहीही किंमत नाही. डॉर्सेटची कथा केंटमध्ये उरकली तरी सरकारच्या लेखी तेवढीच ब्रिटिश. मग निर्माता सोयीचं ते करतो, त्याला दोष कसा द्यायचा?

तिसरं कारण काळाचं. १८७० चं गाव दाखवायचं तर डांबरी रस्त्यावर माती पसरायची, पिवळे पट्टे झाकायचे, डिश अँटेना उतरवायच्या, दुकानांच्या पाट्या बदलायच्या आणि गावकऱ्यांच्या गाड्या हलवायच्या. जितकं जुनं गाव तितका खर्च कमी. म्हणून एकाच मालकाची इस्टेट किंवा राष्ट्रीय वारसा संस्थेकडे असलेलं गाव निर्मात्यांना आवडतं. परवानगी एकाकडेच मागायची.

बोलीचं तर विचारूच नका. डॉर्सेटची बोली खास आहे, एकोणिसाव्या शतकात विल्यम बार्न्स नावाच्या पाद्र्यानं तिच्यात कविता लिहिल्या. पण नट बहुतेकदा एक सरसकट ‘खेडवळ’ उच्चार काढतात, जो कुठल्याच काउंटीचा नसतो.

आता एक प्रसंग जवळून बघू. ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’च्या सुरुवातीला गेब्रिएल ओक हा मेंढपाळ नुकताच स्वतःचा कळप घेऊन उभा राहिलेला असतो. कर्जावर. त्याचा अर्धवट शिकलेला कुत्रा एका रात्री उत्साहाच्या भरात सगळा कळप हाकत नेतो आणि मेंढ्या कड्यावरून खाली पडून मरतात. एका रात्रीत मालकाचा मजूर होतो. पुस्तकात ही जागा समुद्रापासून आत, नॉरकॉम हिलवर आहे, आणि मेंढ्या पडतात ती खडूची खाण. पांढरी, खोल, माणसानं खणलेली. सकाळी ओक काठावर येतो तेव्हा खाली दोनशे मेंढ्यांचा ढीग.

जॉन श्लेसिंजरच्या १९६७ च्या सिनेमात मेंढ्या थेट समुद्रकड्यावरून जातात. हे चित्रण डर्डल डोअर या दगडी कमानीजवळ स्क्रॅची बॉटम नावाच्या घळीत झालं. कॅमेऱ्यामागे होता निकोलस रोग, पुढे स्वतःच मोठा दिग्दर्शक झाला. थॉमस व्हिंटरबर्गच्या २०१५ च्या सिनेमातही समुद्रच. दोघांनीही खाण टाकून दिली. का, ते सहज कळतं: कडा, लाटा, आभाळ, एका चौकटीत सगळं. पण त्यात एक गोष्ट निसटते. पुस्तकातली खाण ही कामाची जागा आहे. शेतात टाकायला, चुना भाजायला लोक खडू खणून काढत, त्या खड्ड्यानं ओकचा घास घेतला. समुद्र आला की तीच गोष्ट निसर्गाच्या कोपाची होते. दोन्ही सिनेमे मला आवडतात, १९६७ चा जरा जास्तच. त्यात टेरेन्स स्टँपचा सार्जंट ट्रॉय नायिकेला तलवारीचे हात करून दाखवतो तो मेडन कासलच्या लोहयुगीन तटबंदीवर. तेही पुस्तकात नेच्याच्या झुडपांनी भरलेल्या एका खळग्यात आहे. २०१५ च्या टीमनं तो प्रसंग परत झाडीत नेला. पण त्यांचा ओक होता बेल्जियमचा नट, मातियास स्खूनार्ट्स, आणि दिग्दर्शक डेन्मार्कचा. डॉर्सेटचं डॉर्सेटपण बाहेरच्यांनी ठरवायचं, ही परंपरा तशी जुनी आहे.

सध्याच्या प्रेक्षकाला डॉर्सेट माहीत असतं ते ‘ब्रॉडचर्च’मुळे. मार्च २०१३ मध्ये आयटीव्हीवर आलेली ही मालिका तीन पर्वं चालली, २०१७ पर्यंत. समुद्रकाठच्या छोट्या गावात अकरा वर्षांच्या मुलाचा मृतदेह कड्याखाली सापडतो, डेव्हिड टेनंट आणि ऑलिव्हिया कोलमन तपास करतात, आणि प्रत्येक घराच्या पडद्यामागचं काहीतरी बाहेर येतं. लेखक क्रिस चिबनल याच भागात राहणारा. त्यानं हार्डीला सलामही ठोकलाय: डिटेक्टिव्हचं आडनाव हार्डी आणि पोलीस दलाचं नाव वेसेक्स.

तो पिवळा-नारिंगी कडा खरा आहे. ब्रिडपोर्टजवळच्या वेस्ट बेचा ईस्ट क्लिफ. सरळसोट उभा, आडव्या थरांचा, संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारखा दिसणारा. पण गाव खरं नाही. हायस्ट्रीट आणि चर्च साठेक मैलांवरच्या क्लीव्हडनमधलं, म्हणजे सॉमरसेटमधलं, ब्रिस्टल शहराच्या जवळचं. एक पात्र दुकानातून निघून किनाऱ्यावर पोचतं तेव्हा प्रत्यक्षात दुसऱ्या काउंटीत गेलेलं असतं. कारण परत तेच, ब्रिस्टलला तंत्रज्ञ आहेत आणि स्टुडिओही.

तरी ‘ब्रॉडचर्च’नं एक प्रामाणिकपणा दाखवला. वेस्ट बे तसं देखणं गाव नाही. छोटं बंदर, मासे-चिप्सच्या टपऱ्या, कॅराव्हॅनचा तळ, काही कंटाळवाण्या इमारती. मालिकेनं ते तसंच ठेवलं. या गावाचं मूळ नाव ब्रिडपोर्ट हार्बर. १८८४ मध्ये रेल्वे आली तेव्हा पर्यटक यावेत म्हणून ‘वेस्ट बे’ हे गोड नाव चिकटवलं. म्हणजे टीव्हीच्या कितीतरी आधी हे गाव एकदा नव्यानं सजवून विकलं गेलं होतं. ब्रिडपोर्टचा खरा धंदा दोर आणि जाळी विणण्याचा. फाशीच्या दोराला एके काळी ‘ब्रिडपोर्टचा खंजीर’ म्हणत, इतकं या गावाचं नाव दोराशी जोडलेलं.

लाइम रीजिस हे पश्चिम टोकाचं गाव, डेव्हनच्या हद्दीला लागून. तिथला कॉब हा वळणदार दगडी धक्का म्हणजे तयार रंगमंचच. जेन ऑस्टेनच्या ‘पर्स्वेजन’मध्ये लुइसा याच्याच पायऱ्यांवरून पडते. ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’ (१९८१) मध्ये काळी टोपी ओढून मेरिल स्ट्रीप याच्याच टोकाशी लाटांकडे बघत उभी आहे. त्या कादंबरीचा लेखक जॉन फाउल्स गावातच राहायचा आणि गावच्या संग्रहालयाचं कामही बघायचा. २०२० च्या ‘ॲमोनाइट’मध्ये केट विन्स्लेट झालीय मेरी ॲनिंग, याच किनाऱ्यावर जीवाश्म खणून काढणारी गरीब सुताराची मुलगी. सिनेमातलं तिचं प्रेमप्रकरण कल्पनेतलं आहे, त्यावरून बराच वाद झाला. मला त्या सिनेमात प्रेमापेक्षा तिचे हात लक्षात राहतात: थंडीनं फुटलेले, चिखलात दगड फोडणारे. तिनं शोधलेले सांगाडे विकत घेऊन साहेब लोक शोधनिबंध वाचायचे, आणि ज्या संस्थेत ते वाचायचे तिथे बाईला प्रवेशच नव्हता.

आता मूळ प्रश्न. डॉर्सेट पडद्यावर इतकं ‘जुनं’ दिसतं तरी कसं? लोक म्हणतात, इथल्या माणसांनी परंपरा जपली. अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की इथे बदल घडवायला पैसाच आला नाही. कोळसा नाही, लोखंड नाही, गिरण्यांची मोठी शहरं नाहीत. एकोणिसाव्या शतकात डॉर्सेटच्या शेतमजुराची मजुरी इंग्लंडमध्ये सर्वांत कमी असणाऱ्यांत गणली जायची. ज्या गवती छपराच्या झोपड्या आज कॅलेंडरवर झळकतात, त्यांच्यात तेव्हा पावसाचं पाणी गळत असे आणि एका खोलीत अख्खं कुटुंब झोपत असे. हार्डीनं १८८३ मध्ये डॉर्सेटच्या मजुरांवर एक लेखच लिहिलाय. घर मालकाचं, काम वर्षाच्या कराराचं, करार संपला की गाडीत बोचकी टाकून दुसऱ्या गावी. कादंबरीत टेसचा बाप मरतो, भाडेपट्टा संपतो आणि तिचंही घर सुटतं.

१८३३-३४ मध्ये टोलपडल गावच्या मजुरांची मजुरी आठवड्याला सात शिलिंगवर आली आणि सहावर उतरवायची भाषा सुरू झाली. सहा जणांनी गुपचूप संघटना बांधली, शपथ घेतली. संघटना बांधणं तोवर गुन्हा राहिला नव्हता, म्हणून खलाशांच्या बंडाच्या वेळी केलेला गुप्त शपथांविरुद्धचा १७९७ चा कायदा शोधून काढला आणि डॉर्चेस्टरच्या कोर्टात सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली, ऑस्ट्रेलियात. देशभर इतका गहजब झाला की १८३६ मध्ये माफी द्यावी लागली. ब्रिटनमधल्या कामगार चळवळीत ही सहा नावं आजही घेतली जातात.

त्यांच्यावर बिल डग्लसनं ‘कॉम्रेड्स’ (१९८६) काढला. डॉर्सेटवरचा हाच सर्वांत महत्त्वाचा सिनेमा, असं माझं मत आहे, आणि तो फार कमी लोकांनी बघितलाय. डग्लसनं एक नामी युक्ती केली. मजुरांच्या भूमिकांत त्या वेळी फारसे कुणाला माहीत नसलेले नट घेतले, आणि जमीनदार, पाद्री, अधिकारी यांच्या भूमिकांत व्हनेसा रेडग्रेव्ह, जेम्स फॉक्स यांच्यासारखे नावाजलेले. म्हणजे चेहरा ओळखीचा वाटला की समजायचं, हा सत्तेच्या बाजूचा. गोष्ट सांगतो गावोगाव फिरणारा, दिव्याच्या पेटीतून चित्रं दाखवणारा एक खेळिया, आणि एकच नट डझनभर वेशांत येतो. शेतं सुंदर दिसतात, पण दर सुंदर चौकटीत कुणीतरी वाकून काम करत असतं.

त्याचं बरंचसं चित्रण टाइनममध्ये झालं. हे गाव लष्करानं १९४३ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर रिकामं करायला लावलं. रणगाड्यांच्या सरावासाठी. दोनशेहून जास्त माणसं गेली, युद्ध संपल्यावर परत येऊ या समजुतीनं. त्यांना परत येऊ दिलं नाही. १९४८ मध्ये सरकारनं जमीन सक्तीनं घेतली. आजही तिथे लष्कराचा गोळीबार चालतो आणि बहुतेक शनिवार-रविवारी गाव बघायला खुलं असतं. आता यातली गोम बघा. माणसं नसल्यामुळे या खोऱ्यात नवी घरं झाली नाहीत, शेतीला खतं-कीटकनाशकं लागली नाहीत, बांधावरची जुनी झाडं तशीच राहिली. सिनेमावाल्यांना हवा असतो तसा ‘न बिघडलेला’ निसर्ग. गरिबी, इस्टेटींची मालकी आणि विस्थापन, यांनी मिळून जे राखलं त्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणतो. हक्काचं घर गेलेल्या मजुरांची कथा, हक्काचं गाव गेलेल्या लोकांच्या पडक्या भिंतींत चित्रित झाली. हा योगायोग डग्लसच्या लक्षात आला नसेल असं वाटत नाही.

आणि म्हणूनच हार्डी डॉर्सेटबाहेर नेला तरी टिकतो. कड्यांशिवाय त्याचं अडत नाही. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्यापुढे जिच्याकडे काही नाही अशी बाई उभी असली की पुरे. आपल्याकडे १९६७ मध्येच ‘टेस’वरून ‘दुल्हन एक रात की’ झाला होता, टेस म्हणजे आपली नूतन, शोभना समर्थांची लेक. सोबत धर्मेंद्र आणि रहमान. मदनमोहनचं ‘एक हसीन शाम को’ त्यातलंच. आणि विंटरबॉटमचा तिसरा हार्डीपट म्हणजे ‘तृष्णा’ (२०११), कथा राजस्थान आणि मुंबईत, मुख्य भूमिकेत मुंबईची फ्रिडा पिंटो. त्यानं टेसला छळणारा श्रीमंत ॲलेक आणि तिला सोडून जाणारा आदर्शवादी एंजल यांना मिसळून एकच माणूस केला. कल्पना धाडसी, पण त्यात एंजलचा दुटप्पीपणा पातळ होतो. मात्र जातीचं-पैशाचं अंतर, जीपच्या अपघातानंतर कोसळणारं घर, हॉटेलातली नोकरी, हे सगळं आजच्या इंग्लंडपेक्षा आजच्या भारतात जास्त खरं वाटतं. मजुराच्या मुलीचं आयुष्य एका अपघातानं उलटंपालटं होणं आजच्या डॉर्सेटमध्ये दाखवायला बरीच कसरत करावी लागली असती.

पडद्याचे परिणाम डॉर्सेटवरही होतातच. १९९९ पासून ‘रिव्हर कॉटेज’ मालिकेनं लंडन सोडून डॉर्सेटच्या खेड्यात डुकरं-कोंबड्या पाळण्याचं स्वप्न घरोघर पोचवलं. शहरातल्या पैशानं सुट्टीसाठीची घरं घेतली जातात, भाव चढतात आणि गावात कामाला असलेल्या तरुणांना तिथे राहणं परवडत नाही. हार्डीच्या काळी मालकाच्या मर्जीवर असलेलं घर आता बाजाराच्या मर्जीवर, इतकाच फरक. वेस्ट बेचा कडा मालिकेमुळे प्रसिद्ध झाला, पण तो वाळूच्या दगडाचा आहे आणि अचानक ढासळतो. खाली उभं राहू नका अशा पाट्या लावलेल्या असतात, लोक पाटीखालीच उभे राहून फोटो काढतात. चेझिल या २९ किलोमीटर लांब गोट्यांच्या किनाऱ्याचीही अशीच गंमत. पश्चिमेकडे वाटाण्याएवढे असलेले गोटे पूर्वेला पोर्टलंडकडे जाता जाता मोठे होत जातात. ‘ऑन चेझिल बीच’चा लेखक इयन मॅकइवन यानं तिथले काही गोटे घरी नेले आणि तसं बोलूनही दाखवलं. किनाऱ्यावरून गोटे उचलायला बंदी आहे. स्थानिक परिषदेनं दंडाची आठवण करून दिल्यावर त्यानं २००७ मध्ये ते परत नेऊन टाकले.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी ‘ब्रॉडचर्च’चं फक्त पहिलं पर्व सांगेन, पुढची दोन नाही बघितली तरी चालतात. मग १९६७ चा ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’. ‘कॉम्रेड्स’साठी मात्र सवडीची रात्र काढा. तीन तासांचा आहे, पहिला अर्धा तास फार सावकाश जातो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं २००९ मध्ये त्याची नीट केलेली प्रत बाजारात आणली, ती मिळाली तर उत्तम. सबटायटल चालू ठेवा. मजूर बोलतात ती बोली पहिल्या झटक्यात इंग्रजांनाही कळत नाही.